एक ओळ कमी

पप्पांच्या उजव्या हाताला केस नव्हते,
मनगटापासून कोपरापर्यंत एकही.
लहानपणी मला वाटायचं,
प्रार्थना केली की असंच होतं माणसाचं.

पहाटे तीनला, वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरत्या रस्त्यावर
आमच्याच घरात तेवढा उजेड.
सोडणांचा जाळ बसला की निखारे बाजूला ओढून
पप्पा भट्टीच्या तोंडातून हात आत घालायचे
आणि सुरू करायचे, हे आमच्या स्वर्गातील बापा.
सावकाश. रविवारी देवळात पळवतात तसं नव्हे.
'राज्य'पाशीच हात मागे आला तर भट्टी फार तापली,
ओलं गोणपाट फिरवायचं, थांबायचं.
आमेन म्हणूनही हात आतच राहिला
तर आणखी एक मोळी सुरूची.
चटका आमेनलाच बसला पाहिजे.
तो बसला की उंडे आत.

मी एकदा विचारलं होतं, घड्याळ का नाही घेत?
म्हणाले, "घड्याळाक खंय भाजता?"

मम्मी गेली त्या दिवशी
पेटी चार वाजेपर्यंत उघडी ठेवली होती इनाससाठी.
पाद्री दोनदा दारात येऊन गेला.
इनास कुवेतहून निघालाच नव्हता.
माडांच्या तुकड्याचे पैसे मात्र जाताना घेऊन गेला होता,
तिच्या अंगठ्याखाली कागद सरकवून.

मग पप्पांची एक बाजू गेली. तीच, उजवी.
भट्टीशी मी.

आणि पाव करपू लागले.
बूड काळं, आत कच्चं, रोज.
पीठ तेच, माडी तीच,
लाकूड त्याच वखारीतलं.
सायकलवरून विकणारा मार्कुस
भरलेली टोपली परत आणून ठेवायचा, काही न बोलता.
नाक्यावरच्या हॉटेलने उसळीला दुसरीकडचा पाव लावला.
मी देवाला विचारलं, हेच का तुझं रोजची भाकर देणं?
विचारलं म्हणजे पुटपुटले, मळताना.

नवव्या पहाटे पलीकडच्या खोलीतून,
खाटेवरून, जड जिभेने एकेक शब्द गोळा करत
पप्पा म्हणाले,
"बाय गो... एक वळ... खंय टाकलंस?"

कसली ओळ, म्हटलं.
ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मला माहीत होतं कसली.
'भाकर'वरून मी थेट 'मोहात'वर उडी मारत होते,
मम्मीच्या महिन्याच्या मिस्सापासून.
'जसे आम्ही आमच्या अपराध्यांस'
हे तोंडातून काढायचं म्हणजे इनासचं नाव काढायचं.
एका श्वासाची ओळ. तेवढी गाळली
की आमेन लवकर येतं, हात शाबूत राहतो,
मी समजायचे भट्टी थंड आहे
आणि घालायचे आणखी एक मोळी.

दुसऱ्या दिवशी सगळी म्हटली.
मनापासून नव्हे. खोटं कशाला बोलू, तेही भट्टीसमोर?
पावासाठी म्हटली.
'अपराध्यांस'ला घसा बसला.
निखाऱ्यांत इनास दिसला नाही, कुणीच दिसलं नाही,
फक्त हात भाजू लागला होता
आणि ओळ संपत नव्हती.
केवढी लांब आहे ती. कधी लक्षातच आलं नव्हतं.

उंडे नीट फुगले.
मार्कुस पोंगा वाजवत गाबीतवाड्याकडे वळला.
एक मी चहात कालवून पप्पांना भरवला.
वेळ लावून खाल्ला त्यांनी, आणि बोलले नाहीत काही.

इनासचा फोन नाही. मीही केलेला नाही.
क्षमा झाली का, कुणास ठाऊक.
रोज एकदा म्हणते, रोज चटका बसतो,
उद्या पुन्हा पहिल्यापासून.
काल पीठ झटकताना दिव्यासमोर हात धरून पाहिला.
केस गेलेत.
मनगटापाशीच, सध्या.